पश्चिम घाटाचा वाद : दोन अहवाल, सहा मसुदे

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर कोसळला. अडीचशेहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्याच दिवशीच्या, म्हणजे ३१ जुलैच्या तारखेने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक मसुदा अधिसूचना काढली. पश्चिम घाटातील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील’ म्हणून घोषित करण्याचा हा प्रस्ताव होता. अशा प्रकारचा तो सहावा मसुदा. पहिला मसुदा १० मार्च २०१४ रोजी निघाला होता आणि त्यानंतर साडेचार महिन्यांनी, ३० जुलै २०१४ लाच, पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन १५१ जणांचा बळी गेला होता. दोन दुर्घटनांची तारीख एकच असावी हा योगायोग. मात्र मधल्या दहा वर्षांत पाचदा मसुदा निघूनही अंतिम अधिसूचना एकदाही निघू नये, याला योगायोग म्हणता येत नाही.

‘पर्यावरण की विकास’ या शीर्षकाखाली हा वाद देशभर गाजला. नेते, चर्च, खाणमालक, बागायतदार, शास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्था असे सारेच त्यात उतरले. तथापि दोन्ही मूळ अहवाल शेजारी ठेवून वाचले, तर भांडणाचे मूळ वेगळ्याच ठिकाणी सापडते. डोंगरात खाण असावी की नसावी हा प्रश्न आहेच. परंतु ते कोणी ठरवायचे, या प्रश्नावर दोन्ही अहवालांची वाट फुटते.

समितीचा जन्म

तापी नदीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,४९० किलोमीटर पसरलेली ही डोंगररांग गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या सहा राज्यांतून जाते. गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या दक्षिणेच्या तिन्ही मोठ्या नद्या येथेच उगम पावतात. फेब्रुवारी २०१० मध्ये निलगिरीतील कोटगिरी येथे ‘पश्चिम घाट बचाव’ चळवळीतील कार्यकर्त्यांची बैठक झाली. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश तेथे उपस्थित होते. त्यानंतर महिनाभरातच, मार्च २०१० मध्ये, मंत्रालयाने परिसर-अभ्यासक डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली चौदा सदस्यांची तज्ज्ञ समिती नेमली. घाटातील संवेदनशील क्षेत्रे निश्चित करणे हे तिचे मुख्य काम. पुढे रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन संपूर्ण जिल्हे, गोव्यातील खाणी, केरळातील अतिरप्पिळ्ळी आणि कर्नाटकातील गुंड्या हे जलविद्युत प्रकल्प यांविषयीही तिचे मत मागविण्यात आले.

गाडगीळ मूळचे पुण्याचे. हार्वर्डमध्ये डॉक्टरेट मिळवून ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. त्यांचे वडील धनंजयराव गाडगीळ हे नामवंत अर्थतज्ज्ञ, योजना आयोगाचे उपाध्यक्ष आणि प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतील एक प्रमुख नाव. नियोजन आणि आर्थिक वाढ हे विषय ज्या घरात रोजच्या बोलण्यातले, त्याच घरातील मुलाला पुढे ‘विकासविरोधी’ हे विशेषण चिकटावे, हा नियतीचा खेळच म्हणायचा!

अहवाल काय म्हणतो?

३१ ऑगस्ट २०११ रोजी सादर झालेल्या या अहवालाने १,२९,०३७ चौरस किलोमीटरचा सारा पश्चिम घाटच संवेदनशील मानला. सर्वत्र सारखी बंधने घालणे मात्र समितीने टाळले. सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनातील वनस्पती, वन्यजीव, उतार, पर्जन्यमान अशा निकषांवर गुण देण्यात आले आणि त्यावरून तालुकानिहाय तीन श्रेणी ठरविण्यात आल्या. पहिल्या श्रेणीत नव्या खाणी, मोठी धरणे, औष्णिक वीज प्रकल्प व प्रदूषणकारी उद्योग नकोत. आधीच चालू असलेल्या खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात. दुसऱ्या श्रेणीत बंधने थोडी सैल, तिसऱ्यात आणखी सैल. रासायनिक कीटकनाशके तिन्ही श्रेणींतून अनुक्रमे पाच, आठ आणि दहा वर्षांत हद्दपार करावीत, अशीही शिफारस होती. याच शिफारशीने पुढे केरळातील बागायतदार बिथरले.

माणसांना उठवा, घरे पाडा, शेती थांबवा, असे अहवालात कुठेही नाही. तसा प्रचार मात्र सर्व राज्यांत झाला आणि तो सर्वाधिक टिकला. श्रेणींचा हा आराखडा प्राथमिक असून तो ग्रामसभांपुढे ठेवावा, त्यांच्या सूचनांनुसार त्यात बदल करावा आणि मगच अंतिम निर्णय घ्यावा, ही अहवालाची मध्यवर्ती सूचना होती. अहवाल संबंधित राज्यांच्या भाषांत अनुवादित करून गावोगाव पोहोचवावा, असेही समितीने सुचविले होते. प्रत्यक्षात मंत्रालयाने तो कपाटात ठेवला.

माहितीच्या अधिकाराखाली केरळातील एका नागरिकाने अहवालाची प्रत मागितली, तेव्हा नकार मिळाला. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये अहवाल जाहीर करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि हरले. मे २०१२ मध्ये अहवाल अखेर संकेतस्थळावर आला, तोही इंग्रजीत. सादर झाल्यापासून जवळपास नऊ महिने उलटले होते. एखादा कागद इतका काळ लपवून ठेवल्यावर त्यात आपल्या विरोधात काहीतरी असणारच, असे डोंगरातल्या शेतकऱ्याला वाटले तर त्यात नवल ते काय?

लोटे आणि महाबळेश्वर

कोकणात विकासाची मागणी खोटी नाही. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चूल पेटणाऱ्या घरांच्या पिढ्यानपिढ्या येथे गेल्या. गावात राहून पोट भरावे असा रोजगार हवा, ही अपेक्षा रास्तच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात लोटे-परशुराम येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली ती याच अपेक्षेवर. रासायनिक कारखाने आले, नोकऱ्याही आल्या. परंतु सांडपाणी दाभोळच्या खाडीत उतरले आणि मासळी हटली. या वसाहतीने ११ हजार जणांना काम दिले, तर खाडी बिघडल्यामुळे २० हजार मच्छीमारांची उपजीविका गेली, हा दाखला गाडगीळ वारंवार देत. याच संदर्भात समितीच्या अहवालात आणखी एक नोंद आहे. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली तब्बल १९१ दिवस मनाई आदेश लागू होता आणि तो प्रदूषणाविरुद्धची निदर्शने दडपण्यासाठी वापरला गेला, असे समितीचे निरीक्षण होते. सर्वसाधारण नागरिकाला प्रदूषणाची आकडेवारी समजायला वेळ लागतो. हा १९१ चा आकडा मात्र पटकन समजतो.

विकासाचा हिशेब एका हाताने जमा आणि दुसऱ्या हाताने वजा केल्याशिवाय पुरा होत नाही, एवढेच यातून समितीला सांगायचे होते. खाडीतला मच्छीमार कोणत्याही हजेरीपटावर नसतो, त्यामुळे त्याचा रोजगार गेला तरी तो कोणत्याच तक्त्यात वजा होत नाही.

पण दुसरी बाजूही याच अहवालात प्रामाणिकपणे आली आहे. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्येच संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला होता. त्याचा स्थानिकांचा अनुभव काय? बाहेरच्या धनिकांचे बंगले उठत राहिले आणि गावकऱ्याला मात्र विहीर खणायची वा घर दुरुस्त करायचे म्हटले तरी परवानगीसाठी खेटे घालावे लागले, पैसे चारावे लागले, अशा तक्रारी समितीपुढे आल्या. समितीने त्या नोंदविल्या. ‘संवेदनशील क्षेत्र’ या शब्दांचा लोकांनी धसका घेतला तो या अनुभवातून. घाटातील विरोध खाणमालकांनी पेटविला हे खरे असले तरी जळण तेथे आधीपासून साठलेले होते आणि ते सरकारी खात्यांनी साठविलेले होते. पर्यावरणवाद्यांच्या लिखाणात ही गोष्ट सहसा ठळकपणे येत नाही.

दुसरी समिती

राज्यांचा विरोध वाढताच केंद्राने ऑगस्ट २०१२ मध्ये इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या नेतृत्वाखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमला. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, जुलै २०१२ मध्ये, युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला होता. त्यात कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातील चार ठिकाणे आहेत. जगाने गौरवायचे आणि घरात तोडगा शोधायचा, असा तो काळ होता.

कस्तुरीरंगन गटाने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यांनी घाटाची हद्द अधिक रुंद, म्हणजे सुमारे १,६४,२८० चौरस किलोमीटर धरली. मात्र तिचे दोन भाग पाडले. शेती, बागा, वस्त्या असलेला सुमारे ६० टक्के भाग ‘सांस्कृतिक भूप्रदेश’ आणि उरलेला ‘नैसर्गिक भूप्रदेश’. उपग्रहाच्या २४ मीटर तपशिलाच्या प्रतिमा वापरून या नैसर्गिक भागातील बहुतांश क्षेत्र, म्हणजे एकूण घाटाच्या सुमारे ३७ टक्के, संवेदनशील ठरविण्यात आले. तेथे खाणकाम, वाळूउपसा, औष्णिक वीज व ‘रेड’ वर्गातील उद्योगांना बंदी. २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांनाही मनाई. जलविद्युत प्रकल्प मात्र अटींसह चालतील. कीटकनाशकांचा मुद्दा बाजूला पडला. गाडगीळांचे एकक तालुका होते, कस्तुरीरंगन यांचे गाव.

प्रशासकीयदृष्ट्या हा मार्ग सुटसुटीत होता, हे मान्य करावे लागेल. घाटात कोट्यवधी लोक राहतात. त्यांच्या शेतावर, घरावर बंधने नकोत, हा विचार व्यवहार्य होता. तालुकाभर एकच श्रेणी लावल्याने गाडगीळ आराखड्यात ज्या विसंगती आल्या होत्या, त्याही येथे कमी झाल्या. परंतु मे २०१३ मध्ये कस्तुरीरंगन यांना लिहिलेल्या जाहीर पत्रात गाडगीळांनी नेमक्या दोन ठिकाणी बोट ठेवले. निसर्ग आणि माणूस असे दोन कप्पे करता येत नाहीत. देवराया, नद्या, ओढे हे सारे ‘सांस्कृतिक’ भूप्रदेशातच तर आहेत. आणि आर्थिक निर्णयांत स्थानिक जनतेला स्थान नाही अशी भूमिका घेऊन या अहवालाने राज्यघटनेने दिलेले विकेंद्रीकरणच नाकारले आहे. डोंगर वाचवायचा, पण डोंगरात राहणाऱ्याला न विचारता, या पद्धतीला त्यांचा विरोध होता.

केरळातील वणवा

सौम्य केलेल्या या अहवालाचेही स्वागत झाले नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये केंद्राने त्यावर कार्यवाहीचे आदेश काढताच केरळात हरताळ सुरू झाले, कोळिकोड जिल्ह्यात वनखात्याच्या कार्यालयाला आग लावण्यात आली. इडुक्की-वायनाडच्या डोंगरात गेल्या शतकात स्थलांतरित झालेल्या शेतकऱ्यांपैकी अनेकांकडे जमिनीचे पट्टे नव्हते. ‘संवेदनशील’ शिक्का बसला की पट्टा कायमचा गेला, अशी त्यांची धास्ती होती. चर्चनेही विरोधाची बाजू घेतली. इडुक्कीचे काँग्रेस खासदार पी. टी. थॉमस यांनी मात्र गाडगीळ अहवालाचे उघड समर्थन केले. त्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढण्यात आली. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाने त्यांना उमेदवारीच दिली नाही आणि अहवालविरोधी आंदोलनातून पुढे आलेला अपक्ष उमेदवार डाव्या आघाडीच्या पाठिंब्यावर तेथून निवडून आला. इतर राज्यांतील नेत्यांनी यातून काय धडा घेतला असेल, ते सांगण्याची गरज नाही.

केरळने स्वतःची समिती नेमून संवेदनशील क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणले. मार्च २०१४ च्या मसुद्यात एकूण ५६,८२५ चौरस किलोमीटरचा आकडा आला तो त्यामुळेच. त्यात कर्नाटकाचा वाटा २०,६६८, महाराष्ट्राचा १७,३४०, तामिळनाडूचा ६,९१४, गोव्याचा १,४६१ आणि गुजरातचा ४४९ चौरस किलोमीटर. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, चारशेहून अधिक बळी गेले, आणि गाडगीळांचे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आले. प्रत्येक दरडीचे खापर अहवाल न स्वीकारण्यावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. हवामानबदलामुळे अतिवृष्टीची तीव्रता वाढली आहे आणि काही उतार मुळातच ठिसूळ आहेत. परंतु वायनाडमधील दुर्घटनाग्रस्त वस्त्या ज्या वैथिरी तालुक्यात येतात, तो गाडगीळ समितीने पहिल्या श्रेणीत टाकला होता.

गोव्याचा अनुभव

खाणी अचानक थांबल्या तर काय होते, हे पाहायचे असेल तर गोव्याकडे पाहावे लागते. न्या. शाह आयोगाने बेकायदा लोहखनिज उत्खननावर ठपका ठेवल्यानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने तेथील खाणकाम थांबविले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. परंतु पट्ट्यांचे नूतनीकरण चुकीच्या पद्धतीने झाल्याचे सांगत फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द केले. खाणपट्ट्यातील ज्या कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, ज्यांच्या बार्ज मांडवीत नांगरून पडल्या, त्यांचे हाल खरे होते. खाणमालकाने आधीच्या तेजीत मिळविले ते त्याच्याकडे राहिले. हप्ते मात्र ट्रकमालकाच्या डोक्यावर राहिले. टप्प्याटप्प्याने, आधी सांगून खाणी बंद करण्याची जी वाट २०११ च्या अहवालाने सुचविली होती, ती येथे घेतली गेली असती तर आघात कदाचित इतका एकदम बसला नसता.

पंचवीस गावांची गोष्ट

गोव्याची हद्द ओलांडली की सिंधुदुर्गातील दोडामार्ग. कर्नाटकातून उतरलेले हत्ती २००२ पासून या पट्ट्यात वावरत आहेत, वाघाचा माग येथे मिळतो आणि तिलारीला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला. याच तालुक्यात कळणे येथे लोहखनिजाची खाण ग्रामस्थांच्या तीव्र विरोधाला न जुमानता सुरू झाली. जुलै २०२१ च्या पावसात खाणीत साचलेल्या पाण्याने बांध फोडला आणि मातीचा लोंढा घरांत, बागायतीत शिरला.

सावंतवाडी-दोडामार्ग परिसरातील असनिये, तळकट, कोलझर, झोळंबे यांसारख्या पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केल्याचे गाडगीळ सांगत. खालून वर गेलेली, लोकांनी स्वतः केलेली ही मागणी. वस्तुतः सरकारला यापेक्षा सोयीचे काही मिळणे कठीण. तरीही कस्तुरीरंगन गटाच्या यादीतून दोडामार्ग तालुका वगळला गेला. उपग्रहाला सुपारी-काजूची बागायत आणि रान यांतला फरक दिसतो. ग्रामसभेचा ठराव दिसत नाही. यादरम्यान या पट्ट्यात रबराच्या लागवडीसाठी खासगी जंगलेही साफ होत राहिली. वन्यजीवांच्या या भ्रमणमार्गाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने येथील वृक्षतोडीवर बंदी घातली आणि मार्च २०२४ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, ही पंचवीस गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून चार महिन्यांत अधिसूचित करण्याचे निर्देश दिले.

सहाव्या मसुद्यापर्यंत

मसुद्याची मुदत संपायची, राज्यांच्या हरकती तशाच असायच्या आणि नवा मसुदा निघायचा. सप्टेंबर २०१५, फेब्रुवारी २०१७, ऑक्टोबर २०१८, जुलै २०२२ असा हा क्रम चालला. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने प्रस्तावित क्षेत्रात आणखी कपात करण्यास मनाई केली. २०२२ मध्ये राज्यांचे आक्षेप पुन्हा तपासण्यासाठी माजी वन महासंचालक संजय कुमार यांची समिती नेमली गेली. कर्नाटक मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल एकापेक्षा अधिक वेळा फेटाळला. वायनाडच्या दुर्घटनेनंतर दोन महिन्यांनी, सप्टेंबर २०२४ मध्येही त्याने तोच निर्णय घेतला. डॉ. कस्तुरीरंगन यांचे एप्रिल २०२५ मध्ये निधन झाले. गाडगीळांना डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. त्यांच्या अहवालातील ग्रामसभांपुढे आराखडा ठेवण्याची सूचना मात्र सहापैकी एकाही मसुद्याच्या वेळी अमलात आली नाही.

सहावा मसुदाही केंद्राच्या राजपत्रात हिंदी आणि इंग्रजीत प्रसिद्ध झाला. ज्यांना हरकत घ्यायची असेल त्यांनी ती साठ दिवसांच्या आत, लेखी स्वरूपात, मंत्रालयाच्या दिल्लीतील पत्त्यावर पाठवायची होती.